ते रेक्झिन नव्हतं, मामा

मामा, विहाराच्या स्मरणिकेत तुझ्यावर दोन पानं लिहून दे, असं गुरुजींनी मला सांगितलं. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तुझं गाव कोणतं, तू अंबरनाथला कधी आलास, उल्हासनगरात शेड कधी टाकलीस, हे दुसरं कोणीही लिहील. मला जे लिहायचं आहे ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, कारण ते फक्त मला माहीत आहे.

हरेशसेठच्या गाडीची सीट कातड्याची होती. मी तुला ते रेक्झिन आहे म्हणून सांगितलं. ते कातडं आहे हे मला आधीपासून माहीत होतं.

एवढी तीन वाक्यं तुझ्यासमोर बोलायला मला सात वर्षं मिळाली होती. तू अंबरनाथला मोरिवलीत, मी लग्नानंतर बदलापुरात कात्रपला. मधे दोन स्टेशनंसुद्धा नाहीत. दर महिन्याला मी येत होते. मामी चहा टाकायची, तू लॅबमधलं काय नवीन म्हणून विचारायचास, आणि मी नवीन आलेल्या मशीनबद्दल सांगत बसायचे.

ज्यांनी तुझी शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅम्प पाचच्या रस्त्याला पत्र्याची शेड, आत एक शिलाई मशीन, फोमचे तुकडे, काथ्याचे बिंडे, आणि भिंतीला टांगलेली रेक्झिनची भेंडोळी. रिक्षाची हूड, जीपच्या सीटा, दवाखान्यातली पेशंट तपासायची बाकं, थेटरातल्या खुर्च्या, सगळं तू शिवायचास. एक सोडून. कोणी कातड्याची खुर्ची घेऊन आलं की तू जागेवरूनच सांगायचास, “चामडं आपण करत नाय. रेक्झिन सांगा.” एक वकील अर्धा तास तुझ्याशी वाद घालत बसले होते. तू त्यांना चहा पाजलास, टेम्पोत खुर्ची चढवायला स्वतः हात लावायचा नव्हता म्हणून शेजारच्या गोपू टेलरला हाक मारलीस, आणि वकिलांना हात जोडून वाटेला लावलंस.

मी कॉलेजात जायला लागल्यावर ह्याच गोष्टीवरून तुझ्याशी भांडायला लागले.

“मामा, कुठलंच काम हलकं नसतं.”

“बरोबर हाय.”

“मग चामडं का नको?”

“काम हलकं नसतं, हे तू म्हणावंस. तुला म्हणता यावं म्हणून तर शाळेत घातलं.”

“हे काही उत्तर नाही झालं.”

“नाय झालं तर नाय झालं. तो दोरा दे इकडं.”

दीक्षेनंतर वस्तीने मेलेली गुरं ओढणं आणि सोलणं बंद केलं, एवढं मला ऐकून माहीत होतं. आजोबांना तू शब्द दिला होतास, हेही माहीत होतं. पण माझ्यासाठी ती इतिहासातली गोष्ट होती, पुस्तकात असते तशी. त्या शब्दाच्या आत काय होतं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मला वाटायचं तू हट्टी आहेस. गिऱ्हाईक परत पाठवताना तुझी मान ताठ व्हायची, ती पाहून मला थोडा रागच यायचा.

आणि त्याच ताठ मानेचं मी खाल्लं आहे. बारावी झाल्यावर बाबांनी माझ्यासाठी स्थळ बघायला घेतलं, तेव्हा तू रविवारी सकाळी आमच्या चाळीत येऊन दारातच उभा राहिलास.

“दाजी, पोरीचा निकाल काय लागला?”

“पास झाली की.”

“मग लगीन कशाला? नापास झाली असती तर समजलो असतो.”

बाबा हसले नाहीत. आई आत पदर तोंडाला लावून हसत होती. तू तिथून हललाच नाहीस. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, तरी तू बसलेलाच. शेवटी बाबा कंटाळून म्हणाले, “बरं बाबा, शिकव तुझ्या भाचीला.” दुसऱ्या दिवशी तू रिक्षाच्या निळ्या रेक्झिनची एक पिशवी शिवून आणलीस, पुस्तकांसाठी, लाल पाइपिंग लावलेली. कॉलेजातल्या मुली तिला हूड म्हणायच्या. तीन वर्षांत तिचा एक टाका उसवला नाही.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी तू मला विचारलंस, “केमिस्ट्री म्हंजे नेमकं काय गं?”

मी म्हणाले, “कुठली वस्तू कशाची बनलीय ते ओळखायचं.”

तुला ते फार आवडलं. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगत सुटलास, “आमच्या उजूला कोण फसवू शकायचं नाय. वस्तू बगितली की सांगती कशाची हाय.”

मामा, त्या विद्येचा तुझ्यासाठी मी केलेला पहिला उपयोग काय होता ते आता सांगते.

अंबरनाथच्या कारखान्यात मी लॅबमध्ये लागले ती टेंपररी म्हणून. टेंपररी माणसाला दर काही महिन्यांनी आठवडाभर ब्रेक द्यायचा आणि पुन्हा नव्याने घ्यायचं, म्हणजे तो कायम होत नाही, अशी तिथली रीत होती. माझे दोन ब्रेक झाले होते. तिसरा तोंडावर आला होता. मॅनेजर माझ्यासमोरच म्हणायचे, “मुलींना परमनंट करून काय उपयोग, लग्न झालं की जाणार.” आपल्या वस्तीतून लॅबचा पांढरा कोट घालून जाणारी मी एकटी होते. सकाळी मी निघाले की बायका नळावरून पाहायच्या. मला परत घरी बसायचं नव्हतं. एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते दिवसरात्र होतं.

कारखाना हरेशसेठचा. सेठ उल्हासनगरातले सिंधी, आणि त्यांनी नुकतीच एक परदेशी गाडी घेतली होती. दोनच माणसांची, बुटकी, हिरवी. ती गेटातून आली की वॉचमन सलाम ठोकायला वाकायचा, कारण उभ्याने सेठ दिसायचेच नाहीत. एक दिवस सेठ लॅबमध्ये सॅम्पल बघायला आले आणि माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून तसेच उभे राहिले. चेहरा घामाने भरलेला.

“सेठजी, बैठिए ना,” मी म्हणाले.

“बैठ के ही तो ये हाल हुआ है, बेटी. वो गाडी नहीं है, सजा है. बीस मिनिट चलाओ तो कमर सुन्न. एक को दिखाया, उसने ऊपर से फोम डाल दिया, अब सर छत को लगता है. दूसरा बोला सीट निकालो, स्टूल लगाओ.”

मॅनेजर हसले. मी हसले नाही. मी म्हणाले, “मेरे मामा सीट बनाते हैं. पाँच नंबर में.”

“लेदर का काम करता है? असली लेदर है, इटली का. वो मैं बदलने नहीं दूँगा.”

“करते हैं,” मी म्हणाले.

पहिलं खोटं मी हिंदीत बोलले. ते सोपं गेलं. मग मी आणखी एक गोष्ट केली. मी सेठना सांगितलं, “मामा के सामने लेदर की बात मत कीजिए. महँगी चीज समझेंगे तो हाथ काँपेगा उनका.” तू शेडमध्ये एवढी वर्षं घालवलेला माणूस, आणि तुझा हात कापेल, असं मी एका परक्या माणसाला सांगितलं. सेठनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

संध्याकाळी मी तुला निरोप दिला. तुझा चेहरा उजळला. “तुझ्या शेठची गाडी? आपल्याकडं?” आणि लगेच, “चामडं तर नाय ना?”

“नाही. रेक्झिन आहे, परदेशी.”

शनिवारी गाडी आली. रस्त्यावर गर्दी जमली. तू गाडीच्या बाजूला उभा राहून खाली पाहिलंस, मग उकिडवा बसून आत पाहिलंस.

“शेठ, हिच्यात बसायचं का निजायचं?”

“साईं, वही तो मैं पूछ रहा हूँ तेरे को.”

तू मोजपट्टी घेतलीच नाहीस. बदलापूरच्या गिरणीतून आणलेल्या भाताच्या तुसाचं पोतं तू नेहमी शेडमध्ये ठेवायचास. त्यावर पाणी शिंपडलंस, पोतं दाबून गाडीच्या सीटच्या उताराचं केलंस, आणि सेठना त्यावर बसवलंस. “चहा संपेपर्यंत हलायचं नाय. गाडी चालवताय असं समजा.” एवढा मोठा कारखान्याचा मालक ओल्या पोत्यावर पाय लांब करून, हातात कप घेऊन, हवेत स्टिअरिंग धरून बसला. गोपू टेलर त्याच्या दारातून ओरडला, “साईं, अंडा कब देगा?” सेठच सर्वांत मोठ्याने हसले, आणि तू त्यांना दटावलंस, “हसू नका शेठ, ठसा बिगडतो.”

ते उठल्यावर तू त्या खळग्यावर वाकून बराच वेळ पाहत राहिलास. उजव्या बाजूला एक वेगळा खड्डा पडला होता.

“शेठ, मागच्या खिशात काय हाय?”

सेठनी कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. मूठभर.

“हे उद्यापासून पुढं ठेवा. निम्मी कंबर तिथंच बरी होईल. ऱ्हायलेली मी करतो.”

मग तू सगळ्यांना समजावून सांगितलंस. आधीच्या कारागिराने वरून भर घातली, म्हणून डोकं छताला लागलं. इथे वर काही घालायचंच नाही, आतून काढायचं. माकडहाडाखालचा फोम खोदून पन्हळीसारखा करायचा. मांडीखाली पुढच्या बाजूला बोटभर उचल द्यायची. दोन्ही कडांच्या कडक गाद्या मांडीला चावतात, त्या आतून तासायच्या. आणि कंबरेच्या खळग्यात काथ्याची एक गुंडाळी, कापडात बांधून. सेठ शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. मला त्या वेळी तुझा एवढा अभिमान वाटत होता की मी काय केलंय हे मी घटकाभर विसरले.

सेठ गोपूच्या दुकानात टेलिफोन करायला गेले. तू सीटचे चार बोल्ट काढून ती बाहेर आणलीस, बाकड्यावर ठेवलीस, आणि तिच्यावरून हात फिरवलास. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. हात तिथेच थांबला.

“उजू, हे रेक्झिन हाय?”

“हो.”

“वास येतोय.”

“वाससुद्धा मुद्दाम घालतात मामा, गिऱ्हाइकाला खरं वाटावं म्हणून. पॉलियुरेथेन म्हणतात त्याला. आम्हाला अभ्यासाला होतं.”

तू माझ्याकडे पाहिलंस. “तू नीट बगितलंस ना?”

“हो.”

“मग झालं,” तू म्हणालास, आणि किंचित हसलास. तुझी खात्री पटली, असा मी त्या हसण्याचा अर्थ लावला. सात वर्षं मी तोच अर्थ धरून होते.

पाच दिवस तू त्या सीटवर काम केलंस. कारखाना सुटला की मी रोज येऊन बसायचे. मी काय काय पाहिलं ते सांगते, कारण मी पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही. कव्हर ताणायच्या आधी तू त्याला फडक्याने तेल लावून उन्हात ठेवलंस. रेक्झिनला तेल लावलेलं मी तुझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. शिवताना तू प्रत्येक टाका जुन्याच भोकातून घेतलास, एकही नवं भोक पाडलं नाहीस, दाभण डोळ्यांजवळ नेऊन, भोक शोधून, मगच आत घालत होतास. तू डबा आणत होतास, पण शेडमध्ये उघडत नव्हतास. घरी निघण्याआधी कोपरापर्यंत हात साबणाने दोनदा धूत होतास. मी मनात म्हटलं, फोमची खाज येत असेल.

आणखी एक आहे. तिसऱ्या दिवशी तुला त्या कातड्यावर वाकलेलं पाहताना माझ्या मनात आलं: बघ, लागला की नाही हात, काय बिघडलं? आपल्या भांडणात मी जिंकले होते आणि ते तुला माहीतही नव्हतं. मला बरं वाटलं, मामा. थोडा वेळच, पण बरं वाटलं. नोकरीसाठी खोटं बोलले ते मी एक वेळ कोणाला समजावू शकेन. हे नाही समजावता येत.

सीट बसवल्यावर सेठ गाडी घेऊन थेट कर्जतपर्यंत जाऊन आले. आल्यावर शेडसमोर गाडी उभी केली आणि उतरेचनात. तू काच वाजवलीस. “काय झालं, परत दुखतंय का?”

“नहीं साईं. उतरने का मन नहीं कर रहा.”

तिसरा ब्रेक मला मिळाला नाही. पुढच्या महिन्यात कायम झाल्याचं पत्र हातात आलं. ते मी आधी तुला दाखवलं. तू ते दोन्ही हातांनी धरलंस आणि उलटं-सुलटं करून पाहिलंस, जसं एखादं नवीन कापड पाहायचास. आज माझं घर, माझ्या मुलीची शाळा, बाबांचं औषधपाणी, सगळं त्या पत्रावर उभं आहे.

पुढे सेठनी त्यांच्या मित्रांना तुझ्याकडे पाठवलं. तिघे-चौघे आले, चांगल्या गाड्या घेऊन. तू प्रत्येक सीटजवळ गेलास, लांबूनच पाहिलंस आणि म्हणालास, “चामडं आपण करत नाय.” तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला होता. ह्याला लांबून कळतं, तर मग ती सीट? प्रश्न आला आणि मी तो बाजूला सारला. मला सवय झाली होती.

तुला सांगायचं असं मी दोनदा ठरवलं. एकदा माझ्या मुलीच्या नामकरणाला, तू तिला मांडीवर घेऊन बसला होतास तेव्हा. पण तू तिला सांगत होतास, “तुझी आई वस्तू बगून सांगती कशाची हाय ती.” दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, तुझ्या छातीत दुखलं आणि तुला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा. मी म्हटलं, बरा होऊन घरी येऊ दे. तू बरा होऊन आलास. मग मी म्हटलं, आता कशाला.

तू गेल्यावर, गेल्या महिन्यात, तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले होते. वंदना झाली. बायका मामीभोवती बसल्या होत्या. मुरबाडहून आलेल्या कोणीतरी विचारलं, ती शेठच्या गाडीची गोष्ट काय गं? मामी डोळे पुसता पुसता सांगायला लागली. मी तिच्या शेजारीच होते.

“त्यो पयल्या दिवशी घरी आला, हातपाय धुतले, आन् हसाया लागला. मी म्हनलं काय झालं. म्हनला, सखू, आज कातड्याला हात लावला. मी म्हनलं, वेडा झालास का, बापाला शब्द दिलाय ना? तर म्हनला, अगं, उजूला वळखताच येत नाय. बी.एस्सी. झालेली पोरगी, म्होरं कातडं ठेवलंय, वास येतोय, आन् ती रेक्झिन म्हंते. आपल्या खानदानात असं मानूस पयल्यांदा जन्माला आलं बग. मी म्हनलं, मग सांगायचं व्हतं तिला. म्हनला, कशाला सांगू? बापानं शब्द घेतला त्यो ह्याच्याचसाठी ना.”

बायका माझ्याकडे पाहून हसत होत्या, रडत होत्या. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने गुरुजींनी हीच गोष्ट माईकवरून सांगितली. म्हणाले, एका पिढीने हातातली सुरी टाकली आणि पुढच्या पिढीला कातडं ओळखूही येईना, ह्याहून मोठी क्रांती कोणती. सगळ्या विहाराने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. मामा, तुझ्या फोटोसमोर बसून मी हात जोडले.

घरी आल्यावर मी आईला आजोबांनी घेतलेल्या शब्दाबद्दल विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली की तू सात-आठ वर्षांचा असल्यापासून आजोबांबरोबर गुरं सोलायला जायचास. पाय धरायचं काम तुझं. सकाळी ते करून शाळेत गेलास की पोरं नाक धरायची, आणि मास्तर तुला वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे. तू नदीवर जाऊन वाळूने अंग घासायचास, तरी वास जात नाही म्हणायची पोरं. चौथीत तू शाळा सोडलीस. दीक्षेनंतर आजोबांनी तुझ्या हातात पाणी देऊन सांगितलं, ह्या हातांना पुन्हा तो वास लागायचा नाही.

“मला का नाही सांगितलं कधी?” मी विचारलं.

“तुम्हा पोरांना सांगायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं,” आई म्हणाली. “तुमच्यापर्यंत ते येऊच नये म्हणून.”

आता मला कळतं की पाच दिवस तू डबा का उघडला नाहीस. ज्या वासाने तुझी शाळा गेली, तो तू माझ्यासाठी पुन्हा हाताला लावून घेतलास, आणि घरी जाऊन हसलास.

मी स्वतःला एक आधार देऊन पाहिला. मनात म्हटलं, तुझं म्हणणं खोटं नव्हतंच. सेठनी सांगितलं नसतं तर मला खरोखरच ओळखता आलं नसतं. तो वास कशाचा ते मला माहीत नव्हतं. तेवढा तुझा आनंद खरा होता. पण तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं, आणि तू मला तीनदा विचारलंस. तो आधार त्याच्यापुढे टिकत नाही.

तू मला चुकीची ठरवायला तयार नव्हतास. माझ्या नोकरीसाठी तू हे केलंस असं म्हणता आलं असतं तर मी निदान आयुष्यभर तुझी ऋणी राहिले असते, साध्या मनाने. पण तू ते माझ्या अज्ञानाच्या कौतुकापोटी केलंस. ते अज्ञान मी बनवून तुझ्या हातात दिलं होतं.

हा मजकूर छापायला देण्याआधी मामीला वाचून दाखवणं भाग होतं. तिला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिने हे ऐकावं असं मला नको होतं. काल रविवारी सकाळी मी मोरिवलीला गेले. मामी उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. मी समोर बसून सगळं वाचलं, त्या अज्ञानाच्या ओळीपर्यंत. पहिल्या काही वाक्यांतच तिचे हात थांबले होते. पण तिने मला अडवलं नाही.

वाचून झाल्यावर ती रस्त्याकडे पाहत राहिली. मी म्हणाले, “मामी, मी खरं सांगितलं असतं तर मामाने काम केलं नसतं ना?”

“केलं असतं,” मामी म्हणाली. “तुला नोकरी पायजे म्हनली असतीस तरी केलंच असतं त्यानं. तुझ्यासाठी त्यानं काय बी केलं असतं.”

मग ती जुडीतली एक काडी उचलून तिची पानं खुडू लागली.

“पन मग घरी येऊन हसला नसता.”

“हे छापू का?”

“छाप. आता ल्हिलंस ना.”

मी आणखी थोडा वेळ बसले. आतून भाताचा वास येत होता. जेवायची वेळ झाली होती. त्या घरातून जेवणाच्या वेळेला मी कधी उपाशी उठल्याचं मला आठवत नाही. मामीने मेथी टोपलीत भरली, टोपली उचलली आणि आत गेली. जेवून जा म्हणाली नाही.

मी चपला घातल्या आणि निघाले.